अर्बुदातील लसीकापेशींचे संवर्धन : अनपेक्षित पेशींची ओळख

अर्बुदात (गाठीत) शिरलेल्या लसीकापेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) प्रयोगशाळेत वाढवताना सोबत आढळणाऱ्या अन्य पेशींचे कूळ व मूळ ठरवण्याची पद्धती. संवर्धनाची प्रचलित रीत अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने १९८०च्या दशकात घडवली. टी पेशी या लसीकापेशींच्या एका प्रकाराचा वाढघटक (इंटरल्युकिन-२) त्याआधी, १९७६ मध्ये वर्णिला गेला होता.

इंटरल्युकिन-२ असलेल्या माध्यमात गाठीचे बारीक तुकडे ठेवले की लसीकापेशी बाहेर पडून तरंगत वाढतात. तळाला चिकटलेल्या पेशींपैकी चातीसारख्या निमुळत्या बहुधा फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी), पसरट त्या महाभक्षी (जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या) किंवा अर्बुदाच्याच असतात. नुसत्या आकारावर भिस्त ठेवता येत नाही. उद्दीपित टी पेशीही फुगते. म्हणून फ्लो सायटोमेट्रीने (चमकणारी प्रतिपिंडे चिकटवून एकेक पेशी लेसरसमोरून नेण्याच्या तंत्राने) पृष्ठचिन्हे, म्हणजे ‘सीडी’ क्रमांकांची पेशीपृष्ठावरील प्रथिने, पाहतात : टी पेशींना सीडी३, बी पेशींना सीडी१९, महाभक्षींना सीडी१४. मृत पेशी प्रतिपिंडे वाटेल तशी धरून ठेवतात आणि दोन चिकटलेल्या पेशी एकच भासतात. ‘नवी’ म्हणून नोंदलेली पेशी पुष्कळदा अशी जोडीच निघते.

सीडी३ व सीडी५६ (एरवी नैसर्गिक मारक म्हणजे एनके पेशींवरचे) ही दोन्ही चिन्हे धारण करणाऱ्या पेशींबद्दल मतभेद आहेत. काहींनी त्यांना सरसकट एनकेटी (एनके व टी या दोन्हींचे गुण असलेल्या) पेशी म्हटले. परंतु खऱ्या एनकेटी पेशी अन्य पेशींवरील सीडी१डी रेणूने पुढे धरलेले मेद-प्रतिजन (मेदयुक्त रेणू) ओळखतात. ती कसोटी न लावता केलेले नामकरण ग्राह्य धरणे कठीण आहे. सीडी५६ नसलेल्या टी पेशींवरही संवर्धनात हे चिन्ह पुढे उमटते. त्यामुळे बरेच दिवस चाललेल्या संवर्धनात ते वेगळ्या कुळापेक्षा उद्दीपनाचे लक्षण मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

पेशी कोणाची, हा प्रश्न निराळा. वाढीसाठी दुसऱ्या दात्याच्या किरणोत्सारित (किरणांनी विभाजन थांबवलेल्या) रक्तपेशी मिसळतात. त्यांचे अवशेष किंवा शेजारच्या पेशीमालिकेची (प्रयोगशाळेत सतत वाढवल्या जाणाऱ्या पेशींची) भेसळ डीएनएच्या एसटीआर (पुनःपुन्हा येणाऱ्या लहान तुकड्यांच्या) आराखड्याने उघडी पडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाढवलेल्या हेला पेशींनी अनेक मालिका दूषित केल्याचे आनुवंशिकतज्ज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्ये दाखवले होते.

गाठ कोणत्या अवयवाची, यावरही ओळख अवलंबून असते. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तेथील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग ठळकपणे आढळला. या अर्बुदांत एचपीव्ही (मानवी पॅपिलोमा विषाणू) जवळजवळ नेहमी असल्याने, चिकटलेल्या पेशीत त्याचा डीएनए सापडल्यास ती अर्बुदाची असण्याची शक्यता बळावते. मुखाच्या गाठींतून मात्र यीस्ट व जीवाणू येतात; गोल यीस्ट लहान लसीकापेशी समजले जाण्याचा संभव असतो. सोलापुरी उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसपुढे जातो. नमुना थंड माध्यमात न नेल्यास मृत पेशी वाढून वरील गफलती बळावतात.