आयडल व्हॉल्व्हचं जुनं पॅकिंग चालतं?
जळगाव-धुळ्याकडच्या गॅरेजांत वर्षानुवर्षं ऐकू येतं: "आयडल व्हॉल्व्ह साफ झाला ना, मग पॅकिंग (व्हॉल्व्ह आणि इंजिनामधली फट बंद करणारी चकती) जुनंच बसवा, वरून सिलिकॉन लावा. काही होत नाही." होतं.

थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणारं हवेचं झाकण, बंद असताना इंजिनाला लागणारी हवा हा व्हॉल्व्ह मोजूनमापून आत सोडतो. कागदी पॅकिंग बोल्ट आवळल्यावर एकदाच नीट दबतं. तेच पुन्हा लावलं की बारीक फटीतून जास्तीची हवा शिरते. गाडी उभ्या जागी रेस घेते किंवा आयडलिंग (उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग) वरखाली होत राहतं. मग दोष नसलेला व्हॉल्व्हच बदलला जातो. गिऱ्हाइकाचे पैसे असे वाया गेलेले पाहून जीव तुटतो.

सिलिकॉन त्याहून वाईट. जास्तीचं आत सरकून हवेची वाट अडवू शकतं, आणि चुकीच्या प्रकारचं असेल तर त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) बिघडवते.

कागदी पॅकिंगऐवजी रबरी ओ-रिंग (गोल कडं) असेल तर थोडं वेगळं. मऊ, गोल, चीर नसलेली असेल तर अडीनडीला चालते. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, बॉनेटखाली तर कितीतरी जास्त. तिथं वर्षं काढलेलं रबर बहुधा चपटं, कडक झालेलं निघतं. म्हणून व्हॉल्व्ह खोलण्याआधीच नवं पॅकिंग आणून ठेवा.