दवाखान्यात भरतीची वेळ येण्याआधी: पाच लाखांच्या आरोग्य योजनेची कागदपत्रं

नावातल्या एका अक्षरापायी आमच्या मोठ्याबाबांचा उपचार दोन दिवस अडला होता. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. नागपुरातल्या एका दवाखान्यानं अ‍ॅन्जिओप्लास्टीआधी पैसे भरायला सांगितले आणि भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस आम्ही मिळेल त्या भावात गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकला. म्हणून इथं कागदांवरच जास्त लिहितोय.

राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना महाराष्ट्रात एकत्र चालतात. आधी पिवळं, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी कार्ड यांनाच लाभ होता. पांढऱ्या कार्डाचे शेतकरी घेतले तेही फक्त आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतले. त्यात विदर्भातले अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा हे सहा. वर्धा नदीच्या या काठाला वणीच्या शेतकऱ्याला उपचार मोफत, पल्याड वरोऱ्यात तेवढ्याच वावराच्या मालकाला नाही! २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं कार्डाच्या रंगाची अट काढली आणि दीड लाखाची मर्यादा वर्षाला कुटुंबामागे पाच लाख केली. ही रक्कम माणसी नाही, अख्ख्या कुटुंबात मिळून आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड वेगळं मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

लागतं काय? ऑनलाइन नोंद असलेलं रेशनकार्ड, त्यावरचा १२ अंकी क्रमांक, आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल. आयुष्मान कार्ड ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सीएससीत (कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये) निघतं, ई-केवायसी म्हणजे आधारवरून ओळख पटवणं तिथंच होतं. मोबाइलवरच्या आयुष्मान अ‍ॅपवरूनही जमतं. कार्ड प्रत्येकाचं वेगळं काढायचं असतं. घरात नवी सून आली असेल, तर तिचं नाव रेशनकार्डावर चढलंय का ते आधी बघा. बहुतेक घरांत तेच राहून गेलेलं असतं. नाव चढवणं किंवा दुरुस्त करणं तहसीलच्या पुरवठा शाखेत होतं. पेरणीच्या घाईत हे काम सुचत नाही, उन्हाळ्यातच उरकून घ्या. तान्ह्या बाळाला जन्मदाखला आणि आईवडिलांचं रेशनकार्ड चालतं. अपघातात पोलिसांचे कागद लागतात.

दवाखान्यात गेल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राचा, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचा, टेबल शोधा. दवाखाना योजनेत आहे का आणि नेमका हाच उपचार तिथं योजनेतून होतो का, हे दोन्ही त्यालाच विचारा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. कागद तपासून तो नोंदणी करतो, दवाखाना ऑनलाइन मंजुरी मागतो. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, त्यामुळे कागद घरी राहिले म्हणून माणूस दारात ताटकळू देऊ नका.

आता खर्चाचं. देशाच्या आरोग्य खर्चातला लोकांनी खिशातून केलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ वर आला. घट मोठी आहे. पण योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. बाह्यरुग्ण तपासणी, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, वारंवारचं सोनोग्राफी-एक्सरे हे घरूनच जातं. आर्णी किंवा धारणीहून नागपूर गाठायचं म्हणजे दोघांचं गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण आणि बुडालेली मजुरी. नोकरदाराच्या घरी याची झळ सुट्टीपुरती असते, मजुराच्या घरी त्याच आठवड्यात किराणा उधार येतो. ही दरी पाच लाखांच्या आकड्यानं बुजत नाही. औषधांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र सोडू नका, सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत आहेत.

मंजूर उपचारासाठी कुणी वर पैसे मागितले, तर पावती घ्या आणि १५५३८८ किंवा १४५५५ वर फोन करून तक्रार नोंदवा. दवाखान्यातून सुट्टी मिळेल त्या दिवशी डिस्चार्ज पेपर नीट बघून घ्या आणि पुढच्या तपासणीची तारीख, मिळणारी औषधं आरोग्यमित्राकडून लिहून घ्या. घरी पोचल्यावर त्यासाठी पुन्हा दीडशे किलोमीटर जायचं कुणाच्या खिशाला परवडत नाही.