गुप्तवार्ता विश्लेषण व गुन्हे प्रतिबंध

लष्करी गुप्तवार्तेच्या पद्धती आणि युद्धेतिहासाचा अभ्यास यांच्या आधारे गुन्ह्याची संभाव्य जागा, वेळ आणि पद्धत ओळखून तो घडण्याआधी रोखण्याचे पोलिसी तंत्र. खबर मिळवणे हा यातला फक्त पहिला टप्पा. ती पारखणे, इतर खबरींशी जोडून तिचा अर्थ लावणे आणि तो अर्थ बंदोबस्त ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत वेळेत पोचवणे, हे खरे काम. इंग्लंडमधील केंटच्या पोलीस दलाने १९९० च्या दशकात ही कार्यपद्धती पद्धतशीरपणे राबवली.

लष्कराकडून मिळालेले सर्वांत उपयोगी साधन म्हणजे दुहेरी प्रतवारी. खबऱ्याच्या विश्वासार्हतेला ए ते एफ अशी अक्षरे आणि खबरीच्या खरेपणाला १ ते ६ असे आकडे दिले जातात. भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो आणि सराईत खोटारड्याच्या हाती एखादी खरी गोष्ट लागू शकते, म्हणून दोन्ही वेगवेगळे तोलायचे.

युद्धेतिहासाचा उपयोग शत्रूचे डावपेच पाठ करण्यापुरता मानणे चूक आहे. राखण करणारा कुठे गाफील राहतो, हे त्यातून जास्त शिकता येते. पुण्यात त्याचा उत्तम धडा लाल महालाचा. शायिस्तेखान तिथे मुक्काम ठोकून होता, सभोवती मोठी फौज होती आणि परवान्याशिवाय मराठ्यांना शहरात प्रवेश नव्हता. तरीही ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, रमजानच्या महिन्यात, शिवाजी महाराज निवडक माणसांसह आत शिरले. मोगल इतिहासकार खाफीखानाच्या वृत्तांतानुसार मुदपाकखाना (स्वयंपाकघर) आणि जनानखाना यांच्यामध्ये विटा-मातीने बुजवलेली खिडकी होती. ती फोडून वाट केली गेली. महाराजांचे बालपण याच वाड्यात गेलेले, त्यामुळे वास्तूचा कोपरा न् कोपरा ठाऊक. खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा अबुल फतह मारला गेला. पहारा होता, परवानेही तपासले जात होते. बुजवलेली खिडकी मात्र कोणी वाट म्हणून धरलीच नव्हती.

अशीच चूक मोठ्या यंत्रणांकडूनही होते. १९७३ मध्ये इजिप्त इतक्यात युद्ध करणार नाही, असा इस्रायली विश्लेषकांचा ठाम समज होता. हल्ल्याच्या खुणा दिसत असूनही त्या समजातच बसवल्या गेल्या आणि हल्ला झालाच. त्यानंतर तिथे मुद्दाम उलट बाजू मांडणारा गट नेमला गेला.

कोरेगाव पार्कातील जर्मन बेकरीचा स्फोट (१३ फेब्रुवारी २०१०, १७ मृत्यू) या संदर्भात पुन्हा पुन्हा अभ्यासावा असा आहे. लष्कर-ए-तोयबाचा हस्तक डेव्हिड हेडली याने ओशो आश्रम आणि छबाड हाउस हे ज्यू धर्मकेंद्र यांची टेहळणी केल्याची माहिती होती आणि राज्य पोलिसांना सावध केले होते, असे केंद्र सरकारने स्फोटानंतर सांगितले. स्फोट झाला तो त्यांच्या जवळच्याच, कोणीही येऊन चहा घ्यावा अशा बेकरीत. इशाऱ्यात नाव आलेली इमारत आणि हल्लेखोराला सोपी वाटणारी जागा यांतले अंतर मोजणे, हे विश्लेषकाचे काम.

रोजच्या गुन्ह्यांत हेच तंत्र साधेपणाने चालते. कडी-कोयंडा उचकटून झालेल्या घरफोड्या किंवा दुचाकीवरून हिसकावलेल्या सोनसाखळ्या नकाशावर मांडल्या, वार, वेळ व पळण्याचा रस्ता जुळवला, की बीट मार्शलची (ठरलेल्या भागात फिरणाऱ्या पोलिसाची) गस्त कुठे हवी ते ठरते. तडीपारीसारखी कारवाई मात्र कागदावर टिकली पाहिजे. नुसती खबर म्हणजे पुरावा नव्हे.

या अभ्यासाला लागणारी सामग्री इतरत्र क्वचितच दिसेल इतकी पुण्यात एकवटली आहे : लष्कराचे दक्षिण मुख्यालय, लष्करी गुप्तवार्तेचे प्रशिक्षण केंद्र, राज्य सीआयडीचे मुख्यालय, विद्यापीठातील संरक्षणशास्त्र विभाग, १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दप्तराचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे).

या तंत्राचा धोकाही पुण्याने पाहिला आहे. घाशीराम कोतवालाच्या अमलात १७९१ मध्ये संशयावरून कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. लोकक्षोभापुढे सरकारने घाशीरामाला हवाली केले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचले. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर पुढे कृत्याऐवजी जन्मावरूनच माणसाला संशयित ठरवले. पारध्यांसारख्या समाजांनी त्याची झळ सोसली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की आधी पालावर जाण्याची सवय त्यासोबत गेली नाही. विश्लेषणात जागा, वेळ आणि पद्धत यांनाच स्थान हवे. जातीची नोंद तिथे मुळीच नको.