कॅन्सरच्या पेशीही अँटिऑक्सिडंट वापरतात

ज्यूसच्या खोक्यावर, ग्रीन टीच्या पाकिटावर, च्यवनप्राशच्या बरणीवर आणि हल्ली तर फेसवॉशच्या ट्यूबवरपण 'अँटिऑक्सिडंट' लिहिलेलं असतं, त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की फ्री रॅडिकल म्हणजे व्हिलन आणि त्यांना निकामी करणारं अँटिऑक्सिडंट म्हणजे हिरो. घरात कोणाला कॅन्सर झाला की हाच हिरो लगेच कामाला लागतो. शेजारचे काका व्हिटॅमिन ईच्या गोळ्या सुचवतात, परदेशातला भाचा सप्लिमेंटचा डबा पाठवतो आणि केमो चालू असतानाच हे सगळं पोटात जातं, बऱ्याचदा डॉक्टरांना न सांगता. गेल्या तीसेक वर्षांतलं संशोधन मात्र बरंच वेगळं सांगतंय.

आधी फ्री रॅडिकल म्हणजे काय ते थोडक्यात. ज्या अणूत किंवा रेणूत एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय एकटा राहिलाय तो फ्री रॅडिकल, म्हणून तो समोर येईल त्याच्याशी रिॲक्शन करायला टपलेला असतो. १९०० साली अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीत मोझेस गोम्बर्ग यांना असा रेणू पहिल्यांदा सापडला, खरं तर ते बनवायला गेले होते दुसरंच काहीतरी. आपल्या शरीरात हे सतत तयार होतात कारण पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा बनताना थोडे इलेक्ट्रॉन गळतात, ते ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. १९६९ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीत जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी या सुपरऑक्साइडचा निकाल लावणारं एन्झाइम शोधलं, म्हणजे शरीराने स्वतःचा बंदोबस्त आधीच करून ठेवलेला होता. आणि गंमत बघा, आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करतात. तेव्हा व्हिलन वगैरे जरा जपून.

आता कॅन्सर. कॅन्सरची पेशी बेफाम वाढत असते त्यामुळे तिच्यात फ्री रॅडिकल आणि त्यांचे भाऊबंद नॉर्मल पेशीपेक्षा जास्त असतात, काठोकाठ भरलेल्या बादलीसारखी तिची अवस्था असते, अजून थोडं ओतलं की सांडलंच. बऱ्याच ट्रीटमेंट नेमकं हेच करतात. रेडिएशनने पेशीतलं पाणी फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते डीएनए तोडतात, शिवाय ऑक्सिजन असला तर तेवढ्याच किरणांचा परिणाम अडीच ते तीन पट होतो, म्हणूनच ज्या ट्यूमरच्या आत रक्त नीट पोचत नाही तो रेडिएशनला दाद देत नाही. ब्लिओमायसिन हे औषध लोह आणि ऑक्सिजनच्या मदतीने डीएनएचे तुकडे करतं. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन, सिसप्लॅटिन यांचं मुख्य काम वेगळं आहे पण तीही पेशीतला फ्री रॅडिकलचा हा ताण वाढवतात.

मग काही ट्यूमर केमोला का जुमानत नाहीत? कारणं बरीच आहेत, त्यातलं एक जपानच्या मासायुकी यामामोतो यांच्या कामातून पुढे आलं. पेशीत एनआरएफ-२ नावाचं प्रोटीन असतं. एरवी कीप-१ नावाचं दुसरं प्रोटीन त्याला धरून ठेवतं आणि मोडीत काढायला पाठवतं, त्यामुळे एनआरएफ-२ जेमतेम वीसेक मिनिटं टिकतं. पेशीत फ्री रॅडिकलचा मारा वाढला की कीप-१ चा आकार बदलतो, पकड सुटते, मग एनआरएफ-२ पेशीच्या केंद्रकात शिरून बचावाची शेकडो जीन्स चालू करतं, ग्लुटाथिओन म्हणजे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट बनवणारी, विषारी रसायनं निकामी करणारी, नको ते बाहेर फेकणारे पंप बनवणारी. संकट टळलं की पुन्हा बंद. निरोगी माणसासाठी ही फारच उपयोगी सोय आहे.

पण २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीतल्या श्याम बिस्वाल यांच्या टीमने दाखवलं की फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये कीप-१ मध्येच म्युटेशन झालेलं असतं. म्हणजे धरून ठेवणाराच लुळा पडला, एनआरएफ-२ चोवीस तास चालू. अशा पेशीत सिसप्लॅटिन गेलं तर ग्लुटाथिओन त्याला चिकटून निकामी करतं आणि पंप बाहेर काढून टाकतात, म्हणजे औषध डीएनएपर्यंत पोचायच्या आधीच खेळ संपला, आणि हे एकाच औषधाबाबत नाही, डॉक्टर औषध बदलतात तरी बऱ्याचदा तीच कथा. फुफ्फुसाच्या स्क्वॅमस प्रकारच्या कॅन्सरपैकी साधारण एक तृतीयांशात या यंत्रणेत कुठेतरी बिघाड सापडतो, हे काही थोडंथोडकं नाही. यातला विरोधाभास असा की याच जॉन्स हॉपकिन्समध्ये १९९२ साली पॉल टॅलले यांनी ब्रोकोलीतलं सल्फोराफेन शोधून काढलं होतं, आणि ते पुढे प्रसिद्ध झालं ते एनआरएफ-२ चालू करून कॅन्सर टाळायला मदत करेल या आशेवर. दोन्ही बरोबर असू शकतात. कॅन्सर व्हायच्या आधी ही ढाल आपली असते, नंतर ती त्याची होते.

बाहेरून घेतलेल्या गोळ्यांचं काय? फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष स्मोकर्सवर मोठा ट्रायल झाला, १९९४ मध्ये रिझल्ट आला, बीटा कॅरोटीन हे गाजरातलं अँटिऑक्सिडंट गोळीतून घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! सगळे चाट पडले. दोन वर्षांनी अमेरिकेतला तसाच ट्रायल मुदतीआधीच थांबवावा लागला कारण तिथेही तेच दिसायला लागलं. का, याचा एक धागा २०१४ मध्ये स्वीडनच्या मार्टिन बर्गो यांच्या टीमने दिला. फुफ्फुसात ट्यूमर सुरू झालेल्या उंदरांना त्यांनी व्हिटॅमिन ई किंवा एनएसी दिलं, एनएसी म्हणजे कफ पातळ करायला डॉक्टर देतात तेच, तर ट्यूमर वेगाने वाढले आणि उंदीर लवकर मेले. फ्री रॅडिकल कमी झाले, डीएनएची मोडतोड कमी झाली, आणि त्यामुळे बिघडलेल्या पेशीची वाढ थांबवणारं पी-५३ नावाचं प्रोटीन जागंच झालं नाही. २०१५ मध्ये टेक्ससच्या शॉन मॉरिसन यांनी मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरबाबत दाखवलं की रक्तात शिरलेल्या बहुतेक कॅन्सर पेशी ऑक्सिडेशनच्या ताणानेच मरतात, पण उंदरांना एनएसी दिलं तर जास्त पेशी तग धरतात आणि कॅन्सर जास्त पसरतो. उंदीर म्हणजे माणूस नाही हे मान्य, पण केमो चालू असताना 'घ्या हो, नॅचरल आहे, अपाय तर नाही' हे बोलणं मला तरी आता पटत नाही. आवळा, कोकम, भाज्या जेवणात खाणं वेगळं आणि कित्येक पट डोसची गोळी वेगळी. कुठलीही गोळी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका एवढंच.

उलट बाजूने विचार करणारं काम आपल्याकडे खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात चाललंय. डॉ. इंद्रनील मित्रा यांचं म्हणणं असं की मरणाऱ्या कॅन्सर पेशींतून क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि त्याला धरून असलेल्या प्रोटीनचे, कण बाहेर पडतात, रक्तातून दुसऱ्या चांगल्या पेशींत शिरतात आणि तिथे नुकसान करतात. हे कण नष्ट करायला ते रेस्व्हेरट्रॉल आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात तांबं एकत्र देतात. रेस्व्हेरट्रॉल म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं, जे बाजारात अँटिऑक्सिडंट म्हणून विकलं जातं तेच! तांब्याबरोबर आलं की ते ऑक्सिजनचे फ्री रॅडिकल तयार करतं, त्यामुळे डब्यावरच्या लेबलवरून कुठला पदार्थ शरीरात काय करेल हे ठरवणं किती कच्चं आहे ते दिसतं. २०२४ च्या फेब्रुवारीत 'कॅन्सर परत येऊ न देणारी १०० रुपयांची गोळी' अशा बातम्या सगळीकडे फिरल्या, व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. कल्पना भारी आहे पण माणसांवरचे प्रसिद्ध झालेले अभ्यास छोटे आहेत आणि कॅन्सर परत येतो की नाही हे बघायला मोठा ट्रायल आणि बरीच वर्षं लागतात, बातम्या फार पुढे पळाल्या असं माझं मत.

एनआरएफ-२ ला थेट दाबणारं औषध काढायचे प्रयत्नही सुरू आहेत. ब्रुसॅटॉल नावाचं एका झाडातलं रसायन एनआरएफ-२ ला दाबतं हे ॲरिझोना युनिव्हर्सिटीत दिसलं, त्याने उंदरांमध्ये सिसप्लॅटिनचा परिणाम वाढला, पण ते पेशीतली बाकीची प्रोटीनंही बनू देत नाही म्हणून अडलं. मग दुसरी युक्ती, कीप-१ बिघडलेल्या पेशींना ग्लुटाथिओनसाठी ग्लुटामाइन हे अमिनो ॲसिड फार लागतं, तर त्याचा वापरच रोखा. टेलाग्लेनास्टॅट नावाचं औषध त्यासाठी फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर वापरून बघितलं, फायदा दिसेना म्हणून ट्रायल बंद केला. त्यामुळे आज मोठ्या जीन टेस्टच्या रिपोर्टमध्ये कीप-१ म्युटेशन अशी ओळ छापून येते, ऑन्कॉलॉजिस्टला ती वाचून कळतं की हा ट्यूमर चिवट निघणार आहे, पण त्या ओळीसाठी लिहून देता येईल असं औषध अजून तरी नाही.