'तोत्तोचान'च्या मागची शाळा

तोमोए गाकुएन ही शाळा जेमतेम आठ वर्षं चालली. टोकियोच्या जियुगाओका भागात १९३७ साली ती सुरू झाली आणि १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली. मुलं सगळी मिळून पन्नासच्या आसपास. रेल्वेचे जुने डबे आणून त्यांतच वर्ग भरवलेले, आणि फाटकाचे खांब म्हणून मुळं धरलेली दोन जिवंत झाडं. इतक्या दूरची, एवढीशी शाळा मराठी घरांतल्या पुस्तकांच्या कपाटात येऊन पोचली ती तिथल्याच एका विद्यार्थिनीमुळे. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' मी शाळकरी वयात वाचलं. नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला, चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद. तेव्हा त्यातली आगगाडीची शाळा आवडली होती. पुढे त्यामागची हकिगत कळत गेली आणि पुस्तक मला अधिकच जवळचं झालं.

गोष्ट आहे शाळेतून काढून टाकलेल्या मुलीची. पहिलीतली तोत्तोचान, म्हणजे लहानपणची तेत्सुकोच, डेस्कचं झाकण सारखं उघडायची-मिटायची, वर्गाच्या खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारायची. बाईंनी हात टेकले. आईने तिच्यासाठी दुसरी शाळा शोधली, पण पहिल्या शाळेने तुला काढलं हे तिला सांगितलं नाही. मुलगी विशीत आल्यावर मगच ते तिच्या कानावर घातलं. त्या आईचं मला आजही फार कौतुक वाटतं. 'तुझ्यामुळे किती त्रास' हे वाक्य एवढी वर्षं जिभेवर येऊ न देणं सोपं नाही.

नव्या शाळेत मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी यांनी आईला घरी पाठवलं, खुर्ची ओढून मुलीसमोर बसले आणि म्हणाले, तुला जे सांगायचंय ते सगळं सांग. ती चार तास बोलत राहिली. त्यांनी मधे जांभई दिली नाही, घड्याळ पाहिलं नाही. तिच्याकडचं सगळं सांगून संपलं तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, आता तू या शाळेची झालीस.

या कोबायाशींचा पूर्वेतिहास पुस्तकाच्या शेवटी थोडक्यात येतो. लहानपणी मी तो भाग वाचलाच नव्हता. १८९३ साली गुन्मा प्रांतातल्या एका शेतकरी घरात जन्म, संगीताचं शिक्षण, मग प्राथमिक शाळेत संगीत शिक्षक. पुढे ते युरोपात गेले आणि पॅरिसमध्ये एमिल जाक-दालक्रोझ यांच्याकडे 'युरिदमिक्स' शिकले. संगीत नुसतं कानाने ऐकायचं नाही, पावलांनी, हातांनी, अख्ख्या अंगाने त्याचा ताल पकडायचा, अशी ती पद्धत. छापील अक्षरांवर फार भर दिल्याने मुलांची पाहण्याची, ऐकण्याची ताकद बोथट होते, असं कोबायाशींचं ठाम मत होतं. तोमोएमध्ये सकाळी बाई दिवसभराचे विषय फळ्यावर लिहीत आणि मुलाने कुठूनही सुरुवात करावी, ही मोकळीक याच विचारातून आली. डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं हवं, एवढा एकच साधा नियम. ज्याच्या डब्यात कमी असेल त्याला कोबायाशींच्या पत्नी हातातल्या पातेल्यातून वाढत.

मला सर्वांत थोर वाटतो तो क्रीडादिन. ताकाहाशी नावाचा एक मुलगा होता. त्याची उंची खुंटली होती, हातपाय आखूड होते. तोमोएच्या शर्यती कुठल्याच शाळेत नसतील अशा. कापडी माशाच्या तोंडातून शिरून शेपटीतून बाहेर पडायचं, सभागृहाच्या पायऱ्या चढायच्या. लांब ढांगा टाकणारी मुलं तिथे अडखळत आणि ताकाहाशी सगळ्यांच्या पुढे. बक्षिसं काय, तर भाज्या! भलामोठा मुळा, पालकाची जुडी. स्वतःच्या कष्टाने मिळवलेली भाजी घरी नेऊन सगळ्यांबरोबर खा, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. या शर्यती आधी कुणीतरी बसून, एका मुलाचे हातपाय डोळ्यांसमोर ठेवून आखल्या होत्या, हे मला मोठेपणी लक्षात आलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्याच ताकाहाशीचा आणखी एक प्रसंग आहे. माणसाला पूर्वी शेपूट होतं हे शिकवताना वर्गाच्या बाईंनी सहज गमतीने त्याला विचारलं, तुला आहे का रे अजून? शाळा सुटल्यावर स्वयंपाकघरातून कोबायाशींचा चढलेला आवाज तोत्तोचानच्या कानावर पडतो. बाई रडत असतात. ती बाई वाईट नव्हती, मुलांवर माया करणारीच होती. म्हणून हे पान मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी तिला सगळ्या शिक्षकांसमोर बोल लावला नाही, स्वयंपाकघरात एकटीला गाठून सांगितलं. आणि सोडूनही दिलं नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा जपान युद्धात होता. पुस्तकात युद्ध हळूहळू शिरतं. स्टेशनवरच्या कॅरॅमलच्या यंत्रात पैसे टाकले तरी आता काही बाहेर येत नाही, डब्यातलं अन्न आटत जातं. कोबायाशींना प्रसिद्धीचं वावडं होतं. शाळेचे फोटो, तिच्यावर लेख, हे त्यांनी टाळलं. अशा काळात अशी शाळा तगली त्याचं तेही एक कारण मानलं जातं. शाळा डोळ्यांसमोर जळत असताना त्यांनी आपल्या मुलाला विचारलं, आता पुढची शाळा कशी बांधू या? युद्धानंतर त्याच जागी त्यांनी बालवाडी सुरू केली. प्राथमिक शाळा मात्र पुन्हा उभी राहिली नाही. १९६३ साली ते गेले.

ना फोटो, ना इमारत. तोमोए उरली ती तिथे शिकलेल्यांच्या आठवणीत. मोठी झाल्यावर इथेच शिकवायला येईन, असं तोत्तोचानने मुख्याध्यापकांना कबूल केलं होतं. तोवर शाळाच राहिली नाही. तेत्सुको टीव्हीवरची नामवंत कलाकार झाल्या आणि १९७९-८०मध्ये एका मासिकातून त्यांनी या आठवणी लिहिल्या. १९८१ साली कोदान्शा या प्रकाशनसंस्थेने त्याचं पुस्तक केलं आणि पहिल्या वर्षातच जपानमध्ये सुमारे ४५ लाख प्रती खपल्या. त्या पैशातून त्यांनी कर्णबधिर नटांच्या रंगभूमीसाठी संस्था उभारली. मुखपृष्ठावरची आणि आतली ती कोवळी, पाणीदार चित्रं चिहिरो इवासाकी यांची. त्या १९७४ सालीच वारल्या होत्या. त्यांनी मागे ठेवलेल्या हजारो चित्रांतून तेत्सुकोंनी ही निवडली. मजकुरासाठीच काढलीत असं वाटावं, इतकी ती चपखल बसली आहेत.

आपल्याकडे हे पुस्तक मुलांइतकंच पालकांनी आणि शिक्षकांनी वाचलं. त्याला जमीनही तयार होती. तोमोए जळाली त्याच १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं होतं, आणि अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात, कुरणात शाळा नेली. या दोघींना कोबायाशी माहीत असण्याचं कारण नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यायची, हे त्यांना त्यांच्याच कामातून सुचलं होतं.

पुस्तकाच्या शेवटी तेत्सुको वर्गमित्रांची खबर देतात. कुणी मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला, कुणी ऑर्किडचा जाणकार. ताकाहाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मोठ्या कंपनीत लागला. तिथल्या माणसांच्या अडचणी ऐकून घेणं आणि त्यांचं एकमेकांशी जुळवून देणं हे त्याचं काम होतं.