जोना लोमूचा जन्म टोंगातला नव्हे

न्यूझीलंडचा रग्बीपटू जोना लोमू याच्याबद्दल रग्बीच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: 'न्यूझीलंडने लोमूला टोंगातून उचलला.' टोंगा म्हणजे पॅसिफिक महासागरातला बेटांचा देश. वाक्य ऐकायला खमंग आहे, पण खरं नाही. जोना लोमू १२ मे १९७५ रोजी न्यूझीलंडमध्येच, ऑकलंडच्या दक्षिणेला पुकेकोहेत जन्मला. आईवडील टोंगन, एवढं मात्र खरं.

मग घोळ कुठे झाला? तान्हा असतानाच त्याला टोंगातल्या हापाई बेटांवर नातलगांकडे ठेवलं होतं. समज येईपर्यंत तेच त्याचं घर. सहा-सात वर्षांचा झाल्यावर तो ऑकलंडला आईवडिलांकडे परतला. लोकांनी बालपणाचा हा तुकडा लक्षात ठेवला आणि जन्मही तिकडचाच असणार, असं परस्पर ठरवून टाकलं.

पुढचं सगळं न्यूझीलंडमधलं. मांगेरेची कष्टकरी वस्ती, मारकुटा बाप (हे लोमूने स्वतःच उघड सांगितलं आहे), मग वेस्ली कॉलेजचं वसतिगृह. शाळेत तो फॉरवर्ड (पुढे राहून चेंडूसाठी झुंजणारा) खेळायचा, विंगर (मैदानाच्या कडेने धावणारा) नंतर झाला. १९९४ मध्ये फ्रान्सविरुद्ध उतरला तेव्हा वय १९. ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघाचा, तोवरचा सर्वांत तरुण कसोटी खेळाडू. त्याला 'उचलायला' निवड समितीला समुद्र ओलांडावा लागला नव्हता.