मनाची शिस्त की मनातलं सामान? अर्थशास्त्राच्या पदवीमागचा जुना वाद

लिबरल आर्ट्स, म्हणजे एका धंद्यापुरतं न शिकवता अनेक विषयांची ओळख करून देणाऱ्या विद्यापीठातल्या अर्थशास्त्र विभागाची छापील उद्दिष्टं वाचायला घेतली, तर त्यांत अर्थशास्त्र फारसं दिसत नाही. दिसतात ती क्रियापदं : आकडेवारी तपासता यावी, युक्तिवाद लिहून मांडता यावा, धोरणाची किंमत कोण मोजतं ते ओळखता यावं. ही भाषा अलीकडची, पण तिच्यामागचा वाद दोनशे वर्षांचा आहे.

१८२८ साली अमेरिकेतल्या येल कॉलेजने आपल्या जुन्या अभ्यासक्रमाची पाठराखण करणारा अहवाल काढला. कॉलेजने दोन गोष्टी द्यायच्या, असं त्यात म्हटलं होतं : मनाला शिस्त आणि मनात सामान. सामान म्हणजे साठवलेलं ज्ञान; शिस्त म्हणजे ते वापरण्याची ताकद. अहवालाचा कल शिस्तीकडे होता.

अर्थशास्त्राला तेव्हा स्वतःचं घर नव्हतं. अ‍ॅडम स्मिथ ग्लासगोत नीतितत्त्वज्ञान शिकवायचा. अमेरिकन कॉलेजांत शेवटच्या वर्षाला अध्यक्ष स्वतः नीतीचे धडे देत, आणि व्यापार, मजुरी, चलन हे विषय त्यांच्याच मागून येत. ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष फ्रान्सिस वेलंड हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक. त्यांनी १८३५ मध्ये नीतिशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि १८३७ मध्ये अर्थशास्त्राचं. दोन्ही विषयांचं नातं जवळचं आहे हे मान्य करूनही त्यांनी पुस्तकं मात्र वेगळी ठेवली. पुढच्या वाटणीची खूण तिथेच दिसते.

वाटणी झाली ती शतकाच्या उत्तरार्धात. १८७१ मध्ये हार्वर्डने अर्थशास्त्राचं प्राध्यापकपद निर्माण केलं. केंब्रिजमध्ये अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८८५ च्या उद्घाटनपर व्याख्यानात थंड डोक्याची आणि ऊबदार अंतःकरणाची माणसं घडवण्याची इच्छा बोलून दाखवली, आणि १९०३ मध्ये तिथे अर्थशास्त्राची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. ऑक्सफर्डने उलटी वाट धरली : १९२० मध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच पदवीत बांधले.

१९४८ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांचं पाठ्यपुस्तक आलं आणि पहिल्या वर्षाच्या वर्गाचा साचाच ठरून गेला. पुढे गणित वाढलं, आलेख वाढले. येलच्या भाषेत सांगायचं, तर सामान इतकं झालं की खोलीत फिरायला जागा उरेना.

१९८६ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डब्ल्यू. ली हॅन्सन यांनी प्रश्नच फिरवला : पदवीधराला काय काय माहीत आहे हे मोजण्यापेक्षा, त्याला काय करता येतं ते पाहू. माहिती शोधणं, तिचा अर्थ लावणं, आकडे हाताळणं, आणि शेवटी स्वतः काही नवं शोधणं, अशी चढती पायरी त्यांनी मांडली. आजच्या उद्दिष्टांतली क्रियापदं बरीचशी इथून आलेली आहेत.

यात फरक काय पडतो? बेरोजगारी घटल्याची बातमी घ्या. काम असलेले ९० आणि काम शोधणारे १० असतील, तर दर १० टक्के. शोधणाऱ्यांपैकी ५ जणांनी कंटाळून शोधणंच सोडलं, तर ते हिशेबातून बाहेर जातात. उरतात ९५ मध्ये ५, म्हणजे सुमारे ५.३ टक्के. एकालाही नोकरी लागली नाही आणि दर मात्र जवळपास निम्म्यावर आला. व्याख्या पाठ असलेला विद्यार्थी परीक्षेत पास होतो. पण बातमी वाचताना भागाकाराचा छेद बदलला का, असं विचारणारा हॅन्सनना हवा होता.

१९९१ मध्ये अमेरिकन प्राध्यापकांच्या एका समितीने मुख्य उद्दिष्ट एका वाक्यात बसवलं : अर्थशास्त्रज्ञासारखा विचार करता यावा. वाक्य सुटसुटीत आहे, आणि मला वाटतं तिथेच त्याची अडचण आहे. कोणत्या अर्थशास्त्रज्ञासारखा? २००८ च्या मंदीनंतर हा प्रश्न विद्यार्थ्यांनीच उचलला. नोव्हेंबर २०११ मध्ये हार्वर्डच्या प्रास्ताविक वर्गातून काही विद्यार्थी उठून बाहेर पडले. अभ्यासक्रम एकाच बाजूला झुकलेला आहे, अशी त्यांची तक्रार होती. २०१३ मध्ये अर्थशास्त्र वेगळ्या पद्धतीने शिकवू पाहणारा ‘कोर’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याचं मोफत पाठ्यपुस्तक मागणी-पुरवठ्याच्या आलेखाने उघडत नाही, विषमता आणि हवामानबदल यांपासून सुरुवात करतं. वेलंडनी वेगळं काढलेलं नीतीचं प्रकरण अशा रीतीने पुन्हा पहिल्या पानांवर आलं आहे, फक्त आता त्याला आकडेवारी जोडलेली आहे.